घाटावरच्या आवाजाचं पुस्तक

चाकण ओलांडल्यावर डोंगराच्या अंगाला जो रस्ता वळतो, त्या रस्त्यावर आमचं गाव आहे. कंपन्या आल्या तशा गावातल्या बहुतेक घरांनी मोकळ्या जागेत कामगारांसाठी खोल्या बांधल्या. आमच्या घरानेही बांधल्या. त्या ओळीतल्या शेवटच्या दोन खोल्या मात्र कधी भाड्याने गेल्या नाहीत. तिथे आमचं प्रकाशन आहे. एका खोलीत छपाईचं मशीन आणि कागद, दुसऱ्या खोलीत माझा संगणक आणि जाऊबाईंचं बांधणीचं टेबल. बाहेर पाटी आहे, तरी गावात नवी आलेली मुलं आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आत शिरतात आणि पुस्तकं बघून "सॉरी मॅडम" म्हणत परत फिरतात. एखादा थांबतो, हाताला लागलेलं पुस्तक उघडून उभ्या उभ्या पान-दोन पानं वाचतो. ताईंचं म्हणणं असं की आपलं जे काही चाललं आहे ते अशा थांबणाऱ्यांच्या जिवावर. ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई.

मी रहाटणीत वाढले. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं भोसरीत एका छपाईच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. तिथे औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापायची. मुंगीएवढी अक्षरं दिवसभर जुळवताना मला सारखं वाटायचं, हेच हात पुस्तकाला लागले तर काय बहार येईल. मालकांनी नवं मशीन घेतलं तेव्हा जुनं लहान ऑफसेट मशीन मी मागून घेतलं आणि टेम्पोत घालून गावी आणलं. घरच्यांना वाटलं, सूनबाई लग्नपत्रिका छापतील. त्या छापतेच. लग्नसराईत मशीनला उसंत नसते. उरलेल्या महिन्यांत आम्ही पुस्तकं करतो.

ताई तोवर ब्लाउज शिवायच्या. मी वाचायला आणलेलं एक जाडजूड, दोऱ्याने शिवलेलं पुस्तक त्यांनी एका दुपारी उसवलं, घडी कशी पडली आहे आणि टाका कुठून कुठे गेला आहे ते बघितलं, आणि पुन्हा होतं तसं शिवून ठेवलं. मला पत्तासुद्धा लागला नाही. त्यांनीच नंतर सांगितलं. "शिवणच हाय की गं ही," म्हणाल्या. तेव्हापासून बांधणी त्यांच्याकडे आहे.

आमच्या पुस्तकांपैकी ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, ते आबांचं.

आबा आमच्याच गावचे. बैलगाडा शर्यतीचे निवेदक. या पट्ट्यात जत्रेला गाडे पळतात. चढाच्या ज्या पट्टीवर ते पळतात तिला घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या एका धावेला बारी. घाटाच्या वरच्या टोकाला मचाण असतं. त्यावर माइक घेऊन बसलेला माणूस प्रत्येक बारी बोलतो: गाडा कुणाचा, बैल कुठले, सुटले कसे, आले कुठवर. गर्दी इतकी असते की खालच्या टोकाला उभ्या असलेल्यांना वरचं दिसत नाही आणि वरच्यांना खालचं. अर्ध्या लोकांनी शर्यत कानांनीच पाहिलेली असते. आबांनी उभी हयात त्या मचाणावर काढली होती.

मी त्यांना पाहिलं नंतर, ऐकलं आधी. लग्नानंतरची माझी पहिलीच जत्रा. बायका घाटावर जात नसत. मी मागच्या अंगणात पाहुण्यांच्या जेवणाचं आवरत होते, आणि टेकडीपलीकडून कर्ण्यातून आवाज आला, "दोरीच्या मागं सरा रं पोरांनो! बैलाला डोळं हायती, पर बिरेक न्हाईत!" मग एकदम आवाज खाली आला, इतका की कानाशी कुणी बोलतंय असं वाटावं, आणि तिथून चढत चढत गेला. मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. शर्यतीतलं मला काही कळत नव्हतं. तरी बारी संपली तेव्हा मला दम लागला होता.

पुढे कोर्टाची बंदी आली. वर्षानुवर्षं घाटावर गवत वाढलं. आबा शेत बघायचे, गावातल्या लग्नांत माइक धरायचे. आणि बंदी उठायच्या जरा आधी त्यांच्या घशात गाठ निघाली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याच्या खाली पुढच्या बाजूला छिद्र, श्वास तिथून. त्यावर ते पांढरा सुती रुमाल बांधत. बोलायचं म्हटलं तर ओठ हलत, आवाज येत नसे. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्यांना मिळालं होतं. ते त्यांनी एकदाच वापरलं. पाटीवर लिहून दाखवलं, 'ह्ये मॉलच्या लिफ्टवानी बोलतंय', आणि यंत्र कपाटात गेलं. लहान मुलांची पाटी-पेन्सिल तेवढी कायम पिशवीत असायची.

त्यानंतरच्या जत्रेला गाडे पुन्हा पळाले. मचाणावर दुसऱ्या गावचा तरुण निवेदक होता. माझे मिस्टर घरी येऊन सांगत होते, "आबा पुढच्या खुर्चीत बसले होते. प्रत्येक बारीला त्यांचे ओठ हलत होते. शेवटी मी त्यांच्याकडे बघायचंच सोडलं."

त्या जत्रेनंतर एका सकाळी आबा आमच्या खोलीत आले. डोक्याला फेटा, गळ्याला रुमाल, हातात कागदांचा गठ्ठा. तो माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी पाटीवर लिहिलं: 'पुस्तक करायचं. घाटाचं.'

मला इतका आनंद झाला की त्यांच्यासमोरच वाचायला बसले. आणि पहिल्या पानावरच माझा चेहरा उतरला असणार. 'सदर घाट हा गावाच्या पूर्वेस असून तेथे परंपरेने शर्यतींचे आयोजन करण्यात येत असे. सदर प्रसंगी पंचक्रोशीतील मान्यवर उपस्थित राहत असत.' पुढचं पान तसंच. त्याच्या पुढचंही. टेकडीपलीकडून येऊन ज्याने मला जागच्या जागी उभं केलं होतं, तो माणूस त्या कागदांत कुठेही नव्हता. अक्षर मात्र फार सुंदर होतं. किती कष्टाने लिहिलं असेल ते दिसत होतं. मी पुढची पानं उलटत राहिले.

ताईंनी दोरा ओवता ओवता माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाल्या, "आबा, राग मानू नका. ह्यात तुमी न्हाईच. ह्यात तलाठी बोलतोय."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आबांनी ताईंकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अजिबात आवाज न करता हसत होते. मग पाटी पुसून त्यांनी लिहिलं, 'पुस्तक म्हणल्यावर शर्ट इन करावा लागंल असं वाटलं.'

"तुम्ही माइकवर बोलायचात तसंच लिहा ना," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. लिहिलं, 'हातानं तसं येत न्हाई. समोर माणूस लागतं.' आणि गठ्ठा उचलून निघून गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. त्या नात्याने माझ्या चुलतसासू, पण ताईंच्या माहेरच्या गावच्या, म्हणून ताई त्यांना मावशी म्हणत आणि मीही तेच म्हणायला लागले होते. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, बोलणं मोजकं. त्यांनी खुर्ची नाकारली, कागदाच्या रिमांवर बसल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "ह्ये बोलत्याल, म्या सांगते. तू लिही."

तोपर्यंत गावात कुणालाच माहीत नव्हतं की मावशींना आबांचं सगळं कळतं. घरात त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं, मुलं नोकरीपायी लांब. ऑपरेशननंतरच्या दिवसांत आबा ओठ हलवायचे आणि मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या. आधी एक शब्द कळला, मग दोन. "लहान पोराचं न्हाई का कळत आईला," असं त्या म्हणाल्या, आणि विषय संपवला.

आबा टेबलाच्या कडेला हात टेकून बसले. क्षणभर डोळे मिटले. मग ओठ हलू लागले, आणि मावशी त्यांच्याकडे एकटक बघत बोलू लागल्या. त्यांचा आवाज बारीक आणि थोडा चिरका. पण शब्द आबांचे होते. "तर मंडळी, घाट म्हंजी काय? घाट म्हंजी आमची शाळा. पर हितं गुरुजी चार पायाचा!" ताईंचा टाका हातातच राहिला. मी टाइप करत होते आणि अक्षरं धूसर दिसत होती, तरी बोटं थांबवली नाहीत. थांबले असते तर आबाही थांबले असते.

अशी आमची बैठक बसू लागली. सकाळची कामं उरकली की दोघं यायचे. रस्त्यावरून कंपन्यांच्या बसेस जायच्या, शेजारच्या खोल्यांत शिफ्ट करून आलेली मुलं झोपलेली असायची, म्हणून ताईंनी बैठकीच्या वेळी मशीन चालवायला मला बंदी केली होती. कधी एखाद्या मुलाची झोप मोडायची आणि तो दारात येऊन उभा राहायचा. कोणी बीडचा, कोणी चिपळूणचा, कोणी पार बिहारचा. आबा त्याला खुणेने आत बोलवायचे. ऐकणारा वाढला की त्यांच्या ओठांचा वेग वाढायचा आणि मावशी वैतागायच्या, "दमानं! मला दोन त्वांडं हायती का?"

त्या बैठकींत मला आबा खरे कळले. त्यांनी सांगितलेली एक बारी मी कधी विसरणार नाही. लांबच्या गावचा एक म्हातारा गाडामालक हौसेने आपली बैलं घेऊन आला होता. घाटाच्या मध्यावर त्याच्या बैलाने बसकण मारली. सगळा घाट हसायला लागला, शिट्ट्या सुरू झाल्या. म्हातारा मान खाली घालून उभा. आबा मचाणावरून म्हणाले, "हसू नका मंडळी! बैल बसला न्हाई, देवाला दंडवत घालतोय. तुमच्यातल्या कुणाची कंबर येवढी वाकती का, सांगा!" हसू तसंच राहिलं, पण त्याची दिशा फिरली. लोकांनी बैलावर भंडारा उधळला. बैल उठला आणि म्हातारा ताठ मानेने त्याला घेऊन गेला. आबांचा नियम होता, माइकवरून कुणाची फजिती करायची नाही. जिंकणाऱ्याला सगळेच नाव घेऊन मिरवतात. हरलेल्याला घरापर्यंत मानाने पोचवणं हे बोलणाऱ्याचं काम, असं त्यांचं म्हणणं.

हे सांगून मावशी थांबल्या आणि स्वतःच्याच आवाजात म्हणाल्या, "आन मग त्यो म्हातारा आमच्याकडं जेवाया आला. म्या शेंगोळी केली व्हती. बैलालाबी गूळ-भाकर दिली. त्ये ह्ये कवा सांगत न्हाईत."

मी तेही टाइप केलं.

असं वरचेवर व्हायला लागलं. आबा एक सांगायचे, मावशी ते इमानदारीने बोलून दाखवायच्या आणि त्याला आपली पुस्ती जोडायच्या. सगळ्यात मजा आली ती माइकच्या गोष्टीला. एक गाडामालक बैलांना काठीने मारत होता. आबांनी त्याला दोनदा बजावलं, तो ऐकेना, तेव्हा आबांनी माइकच बंद केला. सगळा घाट मुका. लोक ओरडायला लागले. शेवटी त्या माणसाने काठी टाकली, तेव्हा आबा पुन्हा बोलले. मावशींनी हे सगळं रंगवून सांगितलं, आणि म्हणाल्या, "माइक बंद केला न्हवता. लाइट ग्येली व्हती. त्याच टायमाला गिरणीबी बंद पडली, म्या दळण घिऊन तितंच उभी व्हते."

आबा त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कितीतरी वेळा सांगितली असेल आणि मावशींनी कितीतरी वेळा ऐकली असेल. मग त्यांनी ओठ हलवले आणि मावशींनी पदरात हसू लपवत सांगितलं, "म्हंत्यात, लाइट ग्येली व्हती खरी. पर काठी टाकल्याबिगर आली असती तरी म्या बोललो नसतो."

आणि ते खरं असावं, असं मला वाटतं.

एकदा मी सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला घाटाचा खडा न् खडा माहीत आहे. तुम्ही कुठून बघायचात?"

"म्या?" त्या म्हणाल्या. "म्या कवा ग्येलेच न्हाई. आमच्या टायमाला बाया कुठं जायच्या घाटावर?"

"मग हे सगळं?"

"जत्रेवरनं आले की ह्ये जेवाया बसायचे. घास हातात, आन सगळ्या बाऱ्या परत पळायच्या माझ्या चुलीम्होरं. पाट उचलून बैल दाखवायचे, वाट्या मांडून माणसं दाखवायचे. म्या समदं तितंच बघितलंय."

ताईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. ज्या शर्यती ही बाई अशा जिवंत उभ्या करत होती, त्यातली एकही तिने डोळ्यांनी पाहिली नव्हती. आणि हिंमत अशी, की पाहणाऱ्याच्या चुका काढत होती.

मजकूर पुरा झाला तेव्हा प्रश्न आला मावशींच्या पुस्तीचा. मी सगळं एकत्र वाचून दाखवलं. मावशी घाबऱ्या झाल्या. "माजं काढ त्यातलं. लोकं म्हंत्याल, नवरा बोलतोय आन बाई मदी मदी त्वांड घालती."

आबांनी ओठ हलवले. मावशी पदर सारखा करू लागल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काय न्हाई."

आबांनी पुन्हा ओठ हलवले, या वेळी बोट टेबलावर आपटत. मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आबांचा शब्द पोचवायला नकार दिला होता. आबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, त्या मान दुसरीकडे वळवू लागल्या, आणि साठी-सत्तरीची ती दोन माणसं आमच्या त्या छोट्या खोलीत एकमेकांभोवती फिरायला लागली. ताईंना हसू आवरेना. शेवटी आबांनी पिशवीतून पाटी काढली. पुष्कळ दिवसांनी काढली होती, पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: 'हिचं राहणार. नाहीतर पुस्तक नको.' आणि ती पाटी मावशींच्या मांडीवर ठेवली.

मावशी चौथी शिकलेल्या. बोट फिरवत त्यांनी ते वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. पाटी पुसली नाही, तशीच पालथी करून ठेवली. "कर मग काय करायचंय ते," मला म्हणाल्या, आणि उठून बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आल्या.

आबांचा मजकूर मी नेहमीच्या टाइपात लावला आणि मावशींचं बोलणं आत सरकवून, थोड्या तिरक्या अक्षरात. बोलीला हात लावला नाही. कव्हरवर बैलाचं चित्र नको, असं ताईंनी ठरवलं. बैल सगळ्यांच्या कव्हरवर असतात. त्यांनी पिवळा कागद निवडला, भंडाऱ्याच्या रंगाचा, आणि त्यावर नुसती अक्षरं. लेखक म्हणून दोघांची नावं. छपाई चालू होती तेव्हा आबा रोज येऊन मशीनजवळ उभे राहायचे. पहिला छापलेला कागद बाहेर आला तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि नाकाला लावून शाईचा वास घेतला. मग एकदम थबकले. श्वास नाकातून जात नसल्यामुळे ऑपरेशननंतर त्यांना वास येत नसे, ते आम्ही विसरलो होतो. तेही विसरले होते. त्यांनी तो कागद मावशींच्या नाकाशी धरला. मावशी म्हणाल्या, "नव्या वहीवानी येतोय," आणि आबांनी मान डोलावली.

गावातल्या पाच-सहा बायका घड्या घालायला आल्या. ताई प्रत्येकीचा हात बघून काम देत होत्या. घड्या घालता घालता बायका वाचायला लागल्या, आणि लाइटच्या गोष्टीला येऊन काम थांबलं, कारण ती गोष्ट प्रत्येकीने नवऱ्याकडून वेगळीच ऐकली होती.

प्रकाशन जत्रेत, घाटावर करायचं असं गावकऱ्यांनी ठरवलं. शेवटच्या बाऱ्यांच्या आधी थोडा वेळ मिळणार होता. आता बायका जायला लागल्या आहेत, तरी मावशींना तयार करायला ताईंना आठवडाभर लागला. हिरवं लुगडं नेसून, आमच्या दोघींच्या मध्ये चालत त्या घाटावर आल्या. टेकडी ओलांडल्यावर खाली घाट दिसला आणि त्या थांबल्या. गर्दी, भोंगे, धुरळा, खेळण्यांची दुकानं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ल्हान हाय की गं. ह्यांनी लय मोठा सांगितला व्हता."

आबा आणि मावशींना घेऊन आम्ही मचाणावर चढलो. तिथे तो तरुण निवेदक होता. त्याने आबांच्या पायाला हात लावला, पुस्तकाबद्दल दोन शब्द सांगितले, सरपंचांनी पिवळ्या पुस्तकावरचा कागद सोडला. मग निवेदकाने माइक मावशींपुढे केला. "मावशी, यातलं एखादं पान वाचा."

मावशींनी मान हलवली. "म्या वाचणार न्हाई. मला पटापटा वाचता येत न्हाई." गर्दीत चुळबुळ झाली. खाली एक गाडा जुंपून तयार होता, बैल नाचत होते. मावशींनी आबांकडे बघितलं. आबांनी काहीतरी म्हटलं. मावशी माइकमध्ये म्हणाल्या, "ह्ये म्हंत्यात, बैल ताटकळल्यात. पुस्तक मागनं वाचा. आदी बारी सोडा."

आणि निशाण पडलं.

आबा मचाणाच्या कठड्याला धरून खाली बघत होते, मावशी घाटाकडे पाठ करून त्यांच्या तोंडाकडे. त्यांच्या ओठांवरून शब्द उचलून त्या माइकमध्ये टाकत होत्या. "सुटला, सुटला, जागा सोडली, मदी आला, डावा जरा दाबतोय, सांभाळ रं राजा, आला, आला, दोरीच्या मागं सरा रं!" आवाज तोच, बारीक आणि चिरका. मागे बैल धडधडत येत होते आणि त्या वळून बघत नव्हत्या. वळल्या असत्या तर बारी तुटली असती. गर्दी आधी चकित झाली, आणि मग तिला शब्द ओळखू आले. वयस्क माणसं उभी राहिली. मी माझ्या आयुष्यात एवढ्या माणसांना एकाच वेळी रडताना आणि शिट्ट्या मारताना पाहिलेलं नाही.

गाडा निशाणाच्या पुढे गेला. मावशींनी माइक त्या तरुणाच्या हातात दिला आणि आम्हाला विचारलं, "पळाली का चांगली?"

पुस्तक भोसरीपासून खेडपर्यंत पोचलं. गाडामालकांनी नेलं, कंपनीच्या बसमध्ये वाचलं गेलं, आमच्याच खोल्यांतल्या बीडच्या मुलाने वडिलांना नेऊन दिलं. आणखी जत्रांची आमंत्रणं आली. मावशींनी सगळ्यांना नाही म्हटलं. "आपल्या गावापुरतं," म्हणाल्या. तो तरुण निवेदक मात्र अधूनमधून आबांकडे येऊन बसतो.

गेल्या महिन्यात आबांना तपासणीसाठी पिंपरीला न्यायचं होतं, मी त्यांना आणि मावशींना गाडीने घेऊन गेले. आम्ही बाकावर नंबरची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर आबांसारखाच रुमाल बांधलेला एक माणूस होता, वयाने बराच लहान, अंगात कंपनीचा निळा शर्ट. शेजारी त्याची बायको. तो ओठ हलवत होता, तिला कळत नव्हतं. "पाणी? दुखतंय का? घरी जायचंय?" प्रत्येक वेळी तो मान हलवायचा आणि तिचा चेहरा आणखी रडवेला व्हायचा. शेवटी तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसला.

मावशी उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या. "नुसती त्वांडाकडं बघू नको बाई," त्यांनी सांगितलं. "डोळ्याकडंबी बघ. आन घाई करू नको. त्यो कुठं पळून चाललाय?" मग त्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बोल रं लेकरा. दमानं बोल."

तो पुन्हा बोलला. मावशींना कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, पण त्यांनी सांगितलं नाही. "परत बोल," म्हणाल्या. तो परत बोलला. बायको त्याच्याकडे बघत होती, तिचेही ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले होते. तिसऱ्या की चौथ्या खेपेला ती एकदम म्हणाली, "'तू जेवलीस का?' असं विचारतायत का?"

त्याने मान डोलावली. ती जेवली नव्हती. आबांचा नंबर लागायला वेळ होता, म्हणून मी तिला आणि मावशींना घेऊन बाहेर गेले, आणि समोरच्या गल्लीत आम्ही तिघींनी गरम गरम वडापाव खाल्ला.